केस गळती : शेगाव तालुक्याने शिकवलेला धडा

वाचकहो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दर महिन्याला दोन-चार पत्रे तरी केसांविषयी असतात. ‘केस गळतात, कोणते तेल लावावे?’ एवढाच बहुतेकांचा प्रश्न असतो. आजवर मी अशा पत्रांना चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होत असे. आज मात्र सगळा लेखच या विषयावर लिहीत आहे. त्याला कारण आपल्याच जिल्ह्यात घडलेली घटना आहे, आणि त्या वेळी माझ्या हातून झालेली एक चूकही आहे.

डिसेंबर २०२४ चे शेवटचे दिवस. घाटाखाली कापसाची वेचणी चालू होती. शेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून अडतिशीची एक बाई माझ्या दवाखान्यात आली. शेतमजुरी करणारी, अंगाने काटक, एरवी कधी दवाखान्याची पायरी न चढणारी. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला होता.

‘डाक्टर साहेब, तीन दिवस झाले, डोकं खाजवते. आन् आता हात फिरवला का पुंजकाच हाती येते.’

तिने पदर बाजूला केला. टाळूवर दोन ठिकाणी रुपयाएवढी जागा मोकळी झाली होती. मी टाळू पाहिली. लाली थोडी, कोंडा थोडा. थंडीचे दिवस, हापशाचे खारे पाणी, स्वस्तातला साबण. मला वाटले, बुरशी असेल. बुरशीचे मलम लिहून दिले, शाम्पू बदलायला सांगितले, ‘काळजी करू नका, टेन्शनने अजून गळतात’ असेही वर ऐकवले. एक साधा प्रश्न मी तिला विचारला नाही : घरात, शेजारी आणखी कोणाचे केस गळताहेत का?

आठ दिवसांनी ती परत आली. या वेळी पदराखाली रुमाल बांधला होता आणि रुमालाखाली जवळजवळ काहीच उरले नव्हते. सोबत सासू होती, शेजारचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. त्या दोघांचीही तीच गत. मुलाने उरलेले केस न्हाव्याकडून काढून टाकले होते. त्याला गावात लोक विचारत होते, ‘काय रे, तिरुपतीले जाऊन आला का?’

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पण तोवर आठवडा गेला होता.

घटना काय होती?

जानेवारी २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात ही बातमी देशभर गेली. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांतून लोकांचे केस अचानक जाऊ लागले. आधी डोके खाजायचे, मग केस नुसते ओढले तरी हातात यायचे, आणि आठवड्याभरात टक्कल. लहान मुले, कॉलेजात जाणाऱ्या मुली, म्हातारी माणसे, कोणीही सुटले नाही. पुढे प्रसिद्ध झालेल्या आकड्यानुसार १८ गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाला.

सुरुवातीला संशय पाण्यावर गेला, आणि ते साहजिक होते. आपला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा प्रसिद्ध आहे. पाण्याचे नमुने तपासले तेव्हा त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेही. पण हे पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या पीत आहेत. मूत्रपिंडाचे विकार त्यांनी सोसले, पण आठ दिवसांत टक्कल कोणाला पडले नव्हते. बुरशीचा संशय आला, त्वचेचे तुकडे तपासायला गेले. शाम्पूचा संशय आला, पण ज्यांनी आयुष्यात शाम्पू वापरला नाही त्यांचेही केस गेले होते. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली आणि त्यांनी रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने नेले.

याच सुमारास महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही या गावांतून नमुने गोळा केले. विंचूदंशावरील संशोधनामुळे त्यांचे नाव वैद्यकीय जगात सर्वांना ठाऊक आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मूळचे ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष जाहीर केले : रुग्णांच्या रक्तात सेलेनियम हे मूलद्रव्य ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते. जस्ताचे प्रमाण मात्र कमी होते. रेशनवर मिळालेल्या गव्हाच्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. इथल्या स्थानिक गव्हापेक्षा ते सुमारे ६०० पट होते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आला असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

सेलेनियम म्हणजे काय?

सेलेनियम हे मातीत आढळणारे मूलद्रव्य. पीक ते मुळांवाटे घेते आणि धान्यातून ते आपल्या पोटात येते. ते विष आहे असे मात्र कोणी समजू नये. शरीराला ते लागतेच, पण चिमूटभराच्याही हजाराव्या भागाएवढे. मोठ्या माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम पुरते. (एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम.) सर्वसाधारणपणे दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे मानतात. मीठ कमी झाले तर भाजी अळणी आणि मूठभर पडले तर तोंडात घालवत नाही, तसेच हे. चीनमध्ये केशान भागात सेलेनियम कमी पडल्याने हृदयाचा विकार होत असे. त्याच चीनमधल्या हुपेई प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात ते जास्त झाल्याने लोकांचे केस आणि नखे गळाली. आपल्या देशात पंजाबातील नवांशहर आणि होशियारपूर या जिल्ह्यांच्या काही पट्ट्यांत जमिनीत सेलेनियम जास्त आहे. तिथल्या जनावरांचे केस झडतात, खूर बिघडतात, हे कृषी शास्त्रज्ञांनी पूर्वीच नोंदवून ठेवले आहे.

आता एक सोपे गणित करून पाहू. किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅममागे १४.५२ मायक्रोग्रॅम. कष्टाचे काम करणारा माणूस दिवसाला २०० ग्रॅम कणकेच्या पोळ्या सहज खातो. म्हणजे त्याच्या पोटात २,९०४ मायक्रोग्रॅम सेलेनियम गेले. वरच्या मर्यादेच्या सातपट! आणि तेही रोज, सकाळ-संध्याकाळ.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तोच गहू धुऊन तपासला तेव्हा आकडा १३.६१ भरला. धुतल्याने शंभरात जेमतेम सहा भाग कमी झाले. कारण हे वरून फवारलेले औषध नाही की चिकटलेली धूळ नाही. ते दाण्याच्या आत असते. त्यामुळे ‘आम्ही तर गहू धुऊन, वाळवून दळतो’ म्हणणाऱ्या सुगरणींचेही केस गेले. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

केस असे पटकन का गेले?

हे समजण्यासाठी केस कसा वाढतो ते पाहू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के एका वेळी वाढत असतात. ही वाढ दोन ते सहा वर्षे चालते. बाकीचे विश्रांती घेत असतात आणि सुमारे तीन महिन्यांनी गळतात. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हे झाडाची जुनी पाने गळण्यासारखे आहे, तो रोग नव्हे.

केस जास्त गळण्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला सावकाश येणारा. टायफॉईड, डेंग्यू, बाळंतपण, मोठे ऑपरेशन, फार उपास, रक्त कमी असणे, थायरॉईडचा विकार, मनाला बसलेला जबर धक्का. यात शरीर वाढत्या केसांना ‘आता थांबा’ असे सांगते आणि ते दोन-तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे अशा रुग्णाला मी नेहमी ‘तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?’ असे विचारतो. केस विरळ होतात, पण पूर्ण टक्कल सहसा पडत नाही.

दुसरा झपाट्याने येणारा. केसाच्या मुळातील पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. एखाद्या विषाने त्यांचे काम बंद पडले की वाढता केसच मुळाशी कमकुवत होऊन तुटतो. दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत डोके मोकळे होते. कर्करोगाच्या औषधांनी होते ते हेच. उंदराच्या काही जुन्या औषधांत असणाऱ्या थॅलियमने होते तेही हेच. सेलेनियमचा मार्गही हाच. केस आणि नख दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात आणि त्यांची मजबुती गंधकावर अवलंबून असते. सेलेनियम हा गंधकाचा मावसभाऊ. दिसायला-वागायला इतका सारखा की गंधकाच्या जागी जाऊन बसतो, पण गंधकाचे काम त्याला जमत नाही.

आता माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. तीन दिवसांत पुंजके हातात येतात, हे ऐकल्यावर तेल, साबण, टेन्शन यांपैकी कशाचाच हा उद्योग नाही हे मला तिथेच कळायला हवे होते. पुस्तकात मी ते वाचलेले होते. समोर माणूस आला तेव्हा आठवले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. लोक घाबरले की रोग पुन्हा उलटला. पण नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. डिसेंबर-जानेवारीत मुळाशी झालेली इजा वर दिसायला एवढे महिने लागतात. जुन्या माराचा वळ उशिरा दिसावा, तसे हे असते.

दवाखान्याच्या पायऱ्या

त्या बाईची गोष्ट अजून संपलेली नाही. दुसऱ्या भेटीत मी तिला म्हणालो, ‘हे माझ्या एकट्याच्या हातचे नाही, सरकारी दवाखान्यात नोंद झाली पाहिजे.’ ते बोलणे सोपे होते. तिला काय करावे लागले ते ऐका.

ती आधी उपकेंद्रात गेली. सिस्टरने नाव लिहून घेतले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे पुन्हा मलम, मी दिले होते तेच. ‘त्वचेचे डॉक्टर मोठ्या दवाखान्यात’ असे कळले. एक दिवसाची मजुरी बुडवून मोठ्या दवाखान्यात गेली, तर त्वचेच्या डॉक्टरांचा वार वेगळा. दोन दिवसांनी परत. दोनशेजणांच्या रांगेत नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टरांनी तपासले आणि अकोल्याला जायला सांगितले. अकोला म्हणजे पुन्हा गाडीभाडे, सोबत कोणीतरी, आणि दोन माणसांचा रोज बुडाला.

‘साहेब,’ ती मला म्हणाली, ‘केसाचा दुखणा काही दुखणा असते का? ताप असता त लोकं गाडी करून देतात. केसाले कोन देते? घरचा मानूस म्हने, येतीन वापस, कायले हिंडते?’

वाचकहो, या एका वाक्यात सगळे आले. केस गळणे हा आपल्याकडे आजार मानलाच जात नाही. त्याची गणती हौसेत होते. दवाखान्यातही अपघात, बाळंतपण, साप चावलेला माणूस यांच्या पुढे केसवाला मागेच राहणार, आणि त्यात मी कोणा एकाला दोष देत नाही. अडीच-तीनशे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला माझ्यापेक्षा दहापट कमी वेळ मिळतो. पण त्या बाईची मुलगी लग्नाची होती. पाहुणे येणार होते ते आलेच नाहीत. ‘त्या गावात टकल्याचा रोग हाय’ एवढे त्यांच्या कानावर गेले होते. शेजारच्या मुलाने दोन महिने कॉलेजचे तोंड पाहिले नाही. न्हाव्याने गावातल्या लोकांची दाढी करायचे थांबवले, साथ पसरेल म्हणून. ही हौस होती काय?

केसांचे दुखणे जीव घेत नाही हे खरे. पण ते शरीराची खिडकी आहे. त्या खिडकीतून आत काय चालले आहे ते दिसते. केस गेले म्हणून तरी गव्हाकडे लक्ष गेले. केस गेले नसते आणि तेच अन्न महिनोन्‌महिने पोटात जात राहिले असते, तर? डॉ. बावस्करांनी ज्यांना पाहिले त्यांत डोकेदुखी, ताप, मुंग्या येणे, उलट्या, जुलाब अशाही तक्रारी होत्या. लोक त्या सांगत नव्हते, कारण कोणी विचारत नव्हते.

मग आपण काय करावे?

अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी क्रमाने देतो. हे कात्रण कापून ठेवलेत तरी चालेल.

१. तारखा लिहा. खाज कधी सुरू झाली, पहिला पुंजका कधी आला, टक्कल कधी पडले. चार दिवसांत गेले की चार महिन्यांत, यावरून डॉक्टरला निम्मे निदान होते.

२. घर आणि शेजार मोजा. एकाचे केस गळाले तर तो रुग्ण. दोन-तीन घरांत एकाच आठवड्यात गळाले तर ती गावाची बाब. मग एकेकट्याने दवाखाने हिंडू नयेत. गावातल्या आशाताईंना सांगा, सर्वांची नावे एका कागदावर लिहा आणि तो कागद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती द्या. त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. एक माणूस ‘केस गळतात’ म्हणाला तर मलम मिळते. वीस नावांचा कागद गेला तर पथक येते.

३. खाण्यात नवीन काय आले ते आठवा. नवे पोते, नवे तेल, नवी दळणाची गिरणी, वैदूची पुडी, बाजारातली ताकदीची पावडर. ‘काय लावता?’ हे सगळेच विचारतात. ‘काय खाता?’ हे तुम्ही स्वतःहून सांगा.

४. नमुना जपून ठेवा. संशय आला तर ते धान्य घाईने फेकून देऊ नका. अर्धा किलो कोरड्या स्वच्छ पिशवीत बांधा, त्यावर धान्य आणल्याची तारीख लिहा. पोत्यावरची चिठ्ठी किंवा शिक्का असेल तर तोही जपा. रक्तातले किंवा धान्यातले सेलेनियम मोजायचे यंत्र तालुक्याच्या प्रयोगशाळेत नसते. नमुना लांब पाठवावा लागतो. पाठवायला नमुना तरी हवा! धान्याबद्दलची तक्रार रेशनच्या १९६७ या क्रमांकावर करता येते.

५. जाण्याआधी चौकशी करा. त्वचेच्या डॉक्टरांचा वार कोणता हे आधी विचारून जा. १०४ या क्रमांकावर सरकारची आरोग्य सल्ला सेवा आहे. पुढे पाठवले तर ‘साहेब, चिठ्ठी लिहून द्या’ असे स्पष्ट म्हणा. चिठ्ठी असली की पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आधीचे सगळे कागद एका पिशवीत ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मात्र थोडे शुल्क लागते, तेवढी तयारी ठेवा.

६. लपवू नका, आणि वाळीत टाकू नका. हा केसांचा प्रकार स्पर्शाने पसरत नव्हता. घरातल्या सर्वांचे केस गेले ते सर्वांचे ताट एका पिठाचे होते म्हणून.

उपचार काय?

सेलेनियमचा भार उतरवणारे खास इंजेक्शन नाही. मूळ थांबवणे हाच उपचार. संशयाचे धान्य बंद केले की शरीर जास्तीचे सेलेनियम लघवीवाटे हळूहळू बाहेर टाकते. केसाचे मूळ मेलेले नसते, ते फक्त थबकलेले असते. त्यामुळे बहुतेकांचे केस परत येतात. या काळात ताकदीच्या मिश्र गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत सेलेनियम असते! आगीतून फुफाट्यात जाण्याचा तो प्रकार. गोळी घ्यायची तर डॉक्टरला डबी दाखवून घ्या.

वाचकांचे प्रश्न

*माझ्या डोक्यावर रुपयाएवढी गोल गुळगुळीत जागा झाली आहे. हेच असेल का?*

तुमची जागा गुळगुळीत आहे, खाज नाही, आणि घरात कोणाला नाही. ही बहुधा चाई आहे. शरीराची संरक्षक शक्ती चुकून केसाच्या मुळावर उठते, तेव्हा चाई पडते. अनेकदा ती आपोआप भरते, वाढत असेल तर उपचार आहेत. कांदा, लसूण, बिब्बा घासू नका. बिब्ब्याने भाजलेली टाळू मी पाहिली आहे. तिथे मग केस कायमचे येत नाहीत.

*मुलाच्या डोक्यात खवले होऊन केस तुटतात. मेडिकलमधून मलम आणले, गुण नाही.*

लहान मुलांत हा बुरशीचा, म्हणजे गजकर्णाचा प्रकार असू शकतो. डोक्यातल्या गजकर्णाला नुसते मलम पुरत नाही, पोटातून काही आठवडे गोळ्या द्याव्या लागतात. मेडिकलमधल्या कित्येक मलमांत स्टेरॉईड मिसळलेले असते, त्याने चार दिवस बरे वाटते आणि बुरशी वाढते. सरकारी दवाखान्यात दाखवा. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवा.

*कोंड्याच्या माझ्या शाम्पूवर ‘सेलेनियम सल्फाईड’ लिहिले आहे. फेकून देऊ काय?*

नको. धड टाळूवर लावून धुऊन टाकल्यास ते अंगात फारसे शिरत नाही. पोटात जाणारे आणि डोक्यावरून धुतले जाणारे यांत फरक आहे. टाळूवर जखमा असतील तर मात्र वापरू नका.

*रेशनचा गहू आता खावा की नाही?*

हा प्रश्न सर्वांत जास्त पत्रांत आहे. सगळा रेशनचा गहू विषारी नाही. कोट्यवधी लोक तो रोज खातात आणि त्यांना काही होत नाही. पण एकाच पोत्यातले एकच धान्य दोन्ही वेळा, महिनाभर खाणे हे कोणत्याही धान्याच्या बाबतीत चांगले नाही. आपल्या वऱ्हाडात पूर्वी ज्वारीची भाकर रोजची होती आणि पोळी सणाची. ज्यांना जमते त्यांनी ज्वारी पुन्हा ताटात आणावी. त्यात दोष विभागला जातो.

‘ज्यांना जमते’ असे मी लिहिले खरे, पण लिहिताना मला ती बाई आठवली.

जुलै २०२५ मध्ये ती दवाखान्यात आली होती. नातवाला ताप होता म्हणून. डोक्यावर पदर होता, पण सैल. मी विचारायच्या आधी तिनेच तो मागे केला. दोन बोटे केस आले होते, काळे, थोडे ताठ. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, हिशेब बरोबर होता. ‘बॉबकट झाला’ म्हणून ती हसली. मुलीचे जमले का, असे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

निघताना उंबऱ्याशी थांबून म्हणाली, ‘साहेब, तुमी म्हनता ज्वारी खा. ज्वारी इकत घ्या लागते. गहू फुकट भेटते. पोतं घरी आलं का मी त्याच्याकडं पाहत बसतो. ते चांगलं हाय का नाही, ते मले कसं समजन?’

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. डोळ्यांनी पाहून, वास घेऊन, धुऊन ते कळत नाही. दाणा तसाच टपोरा दिसतो. ते पोते तिच्या दारी येण्याआधीच कोणीतरी तपासायला हवे. ते काम तिचे नाही, माझेही नाही. पण ते झाले नाही तर पहिल्यांदा कळणार ते तिच्या डोक्यावरूनच, आणि त्या वेळी समोर बसलेल्या डॉक्टरने तिला विचारले पाहिजे : ‘घरात आणखी कोणाचे?’

मी आता तो प्रश्न विचारतो. केस, खाज, जुलाब, ताप, काहीही असो. टेबलाच्या काचेखाली तो कागदावर लिहून ठेवला आहे. आपल्या डॉक्टरांनी विचारला नाही, तर आपण होऊन सांगत जा.